'वांझ' हा शब्द आणि डॉ. इंदिरा हिंदुजा

आपल्या नांदेड-लातूरकडील खेड्यांत लग्नानंतर चार-पाच वर्षे मूल झाले नाही, तर डोहाळजेवणात ओटी भरताना त्या सुनेला मागे सरायला सांगतात. नवस, अंगारे-धुपारे होतात. पुढे नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघतात. नवऱ्याला मात्र 'तपासून घे' असे कुणी म्हणत नाही. म्हणूनच डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कार्याची ओळख आपण करून घ्यावी, असे मला वाटते.

स्त्रीच्या बीजकोशातून दरमहा साधारणतः एक बीज बाहेर पडते. गर्भनलिकेत त्याचा पुरुषबीजाशी संयोग होतो व तयार झालेला गर्भ गर्भाशयात येऊन रुजतो. क्षयरोगासारख्या कारणाने नलिका बंद झाल्या, तर संयोग घडत नाही. पुरुषबीजे कमी किंवा दुबळी असली, तरी परिणाम तोच.

मग हा संयोग शरीराबाहेर घडविता येईल काय? इंग्लंडमध्ये एडवर्ड्स, स्टेप्टो व जीन पर्डी यांनी अशा संयोगातून १९७८ साली मूल जन्माला आणले. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही. परंतु सरकारी समितीने त्यांचा दावा नाकारला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

डॉ. हिंदुजा मुंबई महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्यासह त्यांनी हे काम हाती घेतले. स्त्रीबीजे काढून काचेच्या बशीत पुरुषबीजांसोबत ३७ अंश उष्णतेत ठेवायची आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायचा, अशी ही पद्धत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली. शास्त्रीय नोंदी असलेली भारतातील ही पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी'. याच विषयावर डॉ. हिंदुजांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. १९९७ साली आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान मोकळ्या मनाने त्यांना दिला. डॉ. हिंदुजांना २०११ साली पद्मश्री लाभली. २०१६ साली हर्षा स्वतः आई झाली, तेव्हा प्रसूतीला डॉ. हिंदुजाच होत्या.

महापालिकेच्या रुग्णालयात वाढलेली ही विद्या आज बहुतांशी खासगी केंद्रांत गेली आहे. खर्च लाखांच्या घरात, आणि यशाची हमी नाही. शेतमजुराच्या लेकीला ती परवडणार कशी? पण पहिली पायरी महाग नाही. पुरुषबीजांची तपासणी साधी आहे. नांदेडला व लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. सुनेला बोल लावण्याआधी दोघांनीही तपासून घ्यावे, एवढे तरी आपण शिकणाऱ्या मुलामुलींनी आपापल्या घरी सांगितले पाहिजे.