प्रकल्प कोणी केला?

फळ्यापलीकडची शाळा : लेखांक ७

महाराष्ट्रातल्या शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात आकारिक मूल्यमापनाची जी साधनतंत्रे ठरली, त्यांत प्रकल्पाबरोबर दैनंदिन निरीक्षणही होते. त्यामागचा विचार पक्का आहे. मूल शेवटी काय आणून देते एवढ्यावर त्याचे शिकणे जोखता येत नाही. ते तिथवर कसे पोचले, कुठे अडले, अडल्यावर कोणाला विचारले हेही पाहावे लागते. प्रत्यक्षात मात्र गटाचा प्रकल्प घरी होतो आणि शिक्षकांच्या हाती सत्र संपताना फाइल येते. मुखपृष्ठ रंगवलेले, दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेली, पाच मुलांची नावे एकाखाली एक. त्यातले कोणते पान कोणाचे, हे फायलीत कुठेच नसते. म्हणून पाचही जणांना सारखेच गुण पडतात: जिने गावातल्या विहिरी पायी हिंडून मोजल्या तिलाही, आणि ज्याने फक्त आपले नाव लिहिले त्यालाही. गेल्या दोन लेखांत आपण वेबवरच्या मोफत साधनांची ओळख करून घेतली. ती वर्गात आणायची कशासाठी, या प्रश्नाचे माझे उत्तर या फायलीपासून सुरू होते.

गूगल डॉक्स, इथरपॅड आणि विकी या तिन्हींचे कौतुक सहसा एकाच कारणासाठी होते: एका पानावर अनेकांना लिहिता येते. ती सोय आहे खरी, पण शिक्षकांच्या दृष्टीने खरे मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. ही साधने काही विसरत नाहीत. गूगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास उघडला की कोणी, कोणत्या दिवशी, कोणते वाक्य घातले किंवा खोडले ते वेगवेगळ्या रंगांत दिसते. इथरपॅडमध्ये एक सरकपट्टी असते; ती डावीकडून उजवीकडे नेली की कोऱ्या पानापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळे लेखन डोळ्यांसमोर पुन्हा घडते. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखावर ‘इतिहास पहा’ ही कळ आहे, शेजारी चर्चेचे पान आहे, आणि कोणत्याही दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून ताडता येतात. गावातल्या पाण्यावर पाच जणांचा गट लिहीत असेल, तर बोअरवेलचा आकडा आधी कोणी लिहिला, तो चुकीचा आहे हे कोणाच्या लक्षात आले, दुरुस्त करताना कोणता पुरावा दिला, हे सत्र चालू असतानाच कळते. दैनंदिन निरीक्षण नावाचा जो रकाना घरी होणाऱ्या कामापुरता अंदाजाने भरावा लागतो, तो भरायला इथे खरोखरीचा आधार मिळतो. आणि गट अडला असेल तर फाइल येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात त्याच्याशी बोलता येते. मला हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा वाटतो.

यावर एक प्रश्न पुण्यातूनच येतो. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक उपक्रम सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सिम्बायोसिसची अर्थशास्त्र शाखा त्यांत होती. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. अनेकांनी पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे आणून टाकले. ते शोधून काढून टाकण्याचे काम जगभरच्या स्वयंसेवी संपादकांवर पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उपक्रम थांबवावा लागला. मुलांच्या हाती उघडी साधने देऊ नयेत, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो मला पटत नाही. हेच उतारे छापील फायलीत असते, तर ते बहुधा कोणाच्या लक्षात आले नसते. इथे ते उघडे पडले, कारण इतिहास सर्वांना दिसत होता. चूक वेगळी होती. विद्यार्थी फार होते, त्यांना मार्गदर्शन करायला नेमलेल्यांपैकी बहुतेकांना स्वतः विकिपीडियावर लिहिण्याचा पुरेसा अनुभव नव्हता, आणि नक्कल करणे व आधार घेऊन लिहिणे यांतला फरक आधी नीट शिकवला गेला नाही. वर्गातल्या माणसाने जो इतिहास आठवड्याला वाचायचा, तो परक्यांना वाचावा लागला. म्हणून पहिला मसुदा वर्गाच्या स्वतःच्या पानावर किंवा मराठी विकिपीडियावर मिळणाऱ्या धूळपाटीवर व्हावा. शिक्षकांनी तो दोनतीनदा वाचल्यावरच जगासमोर जायचे की नाही ते ठरावे. लांबलचक मजकूर एकाच क्षणी पानावर अवतरला, तर तो कुठून आला हे मुलाला विचारता येते, मग तो पुस्तकातला असो की यंत्राकडून लिहून घेतलेला. समोर ठेवून हळूहळू टंकलेली नक्कल मात्र इतिहासाला ओळखता येणार नाही. तिथे मुलाशी बोलणे हाच उपाय.

याहून अवघड आक्षेप असा की इतिहास बोटांची नोंद ठेवतो, डोक्याची नव्हे. आजीकडून दुष्काळाच्या आठवणी काढून आणणारी मुलगी एक अक्षरही टंकणार नाही आणि मराठी कळफलक सफाईने चालवणारा मुलगा सगळ्या पानभर दिसेल. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. शब्द मोजून गुण देणारा शिक्षक जुन्या अन्यायाच्या जागी नवा अन्याय आणील. म्हणून लेखनिकाचे काम गटात आळीपाळीने फिरले पाहिजे. माहिती कोणी आणली हे त्या परिच्छेदाला टिप्पणी जोडून लिहिण्याची सवय लागली पाहिजे. मुलाखत कोणी घेतली, मोजमाप कोणी केले, छायाचित्र कोणाचे. इतिहासातून गुण काढायचे नाहीत, प्रश्न काढायचे. ‘हा परिच्छेद तू खोडलास, का खोडलास?’ या प्रश्नाला मूल जे उत्तर देते, त्यात मूल्यमापनाजोगे खूप असते.

मुलांवर सतत नजर ठेवणे बरे का, ही शंकाही योग्य आहे. नोंद राहते हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे आणि कच्च्या मसुद्यातल्या चुकांना गुण कापायचे नाहीत हेही. शिवाय हा इतिहास गटातल्या प्रत्येकाला दिसावा. फक्त वरून पाहणाऱ्याला दिसणारी नोंद ही पाळत होते. माहितीच्या खासगीपणाचा मुद्दा मात्र शिक्षकांच्या सद्हेतूवर सोडता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे. ज्या साधनाला प्रत्येक मुलाचा ईमेल आणि जन्मतारीख लागते, ते निवडताना हे आधी आठवावे. इथरपॅड मला म्हणूनच जवळचे वाटते. त्याला खाते लागत नाही, नावाच्या जागी हजेरीक्रमांक चालतो. आणि ते मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर बसवून बाकीचे त्याला जोडले, की इंटरनेट नसतानाही चालते. घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशा मुलांसाठी शाळेच्या तासाला, दोघांत एक संगणक घेऊन केलेले काम हाच न्याय्य मार्ग आहे. गृहपाठ म्हणून हे देऊ नये.

राहिला मोफतपणाचा प्रश्न. २००५ मध्ये सुरू झालेले विकिस्पेसेस शिक्षकांना फुकट विकी देत असे. कितीतरी वर्गांचे काम त्यावर होते. २०१८ मध्ये ते बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळा २०२४ च्या अखेरीस गेला. दोन्ही वेळा आधी सूचना आणि काम उतरवून घ्यायला मुदत मिळाली होती, तरी एक अडचण उरतेच. गूगल डॉक्समधून पीडीएफ किंवा वर्ड फाइल उतरवली, तर हाती फक्त शेवटची आवृत्ती येते आणि इतिहास मागेच राहतो, म्हणजे पुन्हा तीच बिननावाची फाइल. इथरपॅडच्या स्वतःच्या स्वरूपात आणि मीडियाविकी या विकिपीडियामागच्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीत तो सोबत येतो. वर्षभराच्या कामासाठी साधन निवडताना मी ही एक गोष्ट आधी तपासेन. गूगल डॉक्स वापरणाऱ्या शिक्षकांनी इतिहासातली महत्त्वाची वळणे सत्र चालू असतानाच निरीक्षणाच्या वहीत टिपून ठेवावीत. पुढच्या आठवड्यात ओपनस्ट्रीटमॅप, आणि त्यावर गावाचा नकाशा भरताना मुलांनी आधी काय मोजायचे याबद्दल.