फ्रेंच 'नव्हो' आणि आपला नातू

फ्रेंच कागदांत 'नव्हो' हा शब्द दिसला कीं 'पुतण्या' लिहून मोकळें होण्याचा मोह अनावर होतो. आम्हांलाहि तो झालेला आहे. परंतु वंशावळ जुळविणाऱ्यास हा मोह फार महाग पडतो.

शब्दाचें मूळ लॅटिन 'नेपोस्'. त्याचें द्वितीयेचें रूप 'नेपोतेम्', त्यापासून 'नव्हो' निघाला. नेपोस् याचा जुना अर्थ पुतण्या नव्हे, नातू. संस्कृतांतील नपात् व नप्तृ हीं त्याचींच भावंडें. वेदांतील 'अपां नपात्' यांतला नपात् हाच. नप्तृपासून प्राकृताच्या वाटेनें मराठी नातू आला. तेव्हां पॅरिसचा नव्हो आणि पुण्याचा नातू मुळांत एकाच कुळांतले होत. तिकडील 'न्येस्' म्हणजे पुतणी किंवा भाची; तीहि अशीच आपल्या नातीची सगोत्र.

उत्तरकालीन लॅटिनांत नेपोस् भावाबहिणींच्या मुलांसहि लागूं लागला. जुन्या फ्रेंचांत दोन्ही अर्थ नांदले. पुढें नातवासाठीं 'पेती-फीस्', म्हणजे शब्दशः 'लहान मुलगा', हा जोडशब्द रूढ झाला व नव्हो एका अर्थापुरता उरला. मात्र अनेकवचनीं 'वंशज' हा अर्थ भारदस्त लेखनांत टिकून राहिला. इटालियन 'निपोते' तर आजहि नातू व पुतण्या दोन्ही आहे. पोप तिसरा पॉल यानें १५३४ त आलेस्सांद्रो फार्नेसे या चौदा वर्षांच्या निपोतेस कार्डिनल केलें. हा त्याच्या पुत्राचा पुत्र होता. येथें 'पुतण्या' लिहिलें तर एक पिढी गळतेच, शिवाय पोपास पुत्र होता ही मुख्य गोष्टहि झांकली जाते!

आपली अडचण याहून निराळी. भावाचा मुलगा पुतण्या, बहिणीचा भाचा, हा आपला भेद. फ्रेंचांस तो नाहीं. म्हणून दुसरा पुरावा मिळेपर्यंत दोहोंपैकीं एकहि शब्द लिहूं नये. 'पेती-नव्हो' आणखी फसवा. पेती म्हणजे लहान खरें, पण येथें तो एक पिढी खालीं उतरल्याचें सांगतो. १७९४ त महादजी शिंद्यांच्या मागून गादीवर आलेले दौलतराव हे महादजींचे बंधु तुकोजी यांचे नातू, म्हणजे महादजींचे पेती-नव्हो. त्यांस 'धाकटा पुतण्या' म्हटल्यास मधले आनंदराव नाहींसे होतात. आम्ही आमच्या नकलांत मूळ शब्द तसाच ठेवतों व नातें ठरल्यावर तें समासांत लिहितों.