सहा वर्षं कुलूप, तीन डझन अंडी आणि पाठीवरचा लाल चट्टा

कळसूबाईच्या माथ्यावर आपण समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर असतो. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर जवळजवळ त्याच उंचीवर वसलंय: १,६०९ मीटर, म्हणजे बरोबर एक मैल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टीबीवर औषध नव्हतं. कोरडी डोंगरी हवा, ऊन आणि खुराक हाच उपचार. पाचगणीला सॅनेटोरियम निघालं ते याच विश्वासावर. त्यामुळे छातीचे रोगी आगगाडीनं डेन्व्हर गाठायचे. गाठीला पैसा असलेल्यांची सोय व्हायची, बाकीचे रस्त्यावर खोकत पडायचे.

या रस्त्यावरच्या माणसांसाठी एक बाई उभी राहिली, फ्रान्सिस जेकब्स. तिच्या खटपटीतून जे रुग्णालय झालं, ते आज ‘नॅशनल ज्यूइश हेल्थ’ म्हणून श्वसनविकारांवरच्या उपचार-संशोधनात जगभर ओळखलं जातं. तिला मात्र ते बघता आलं नाही. १८९२ मध्ये ती गेली. कोलोरॅडोच्या विधानभवनाच्या घुमटात राज्याच्या १६ मानकऱ्यांची रंगीत काचेतली चित्रं लावली, त्यात ती एकटीच स्त्री.

इमारत तयार, दार बंद! १८९३ मध्ये बांधकाम पुरं झालं आणि त्याच वर्षी चांदीचा भाव कोसळला. कोलोरॅडोचा सगळा डोलारा चांदीच्या खाणींवर; बँका बुडाल्या, देणग्या आटल्या. नवी कोरी इमारत सहा वर्षं रिकामी पडून राहिली. शेवटी ‘बनाई ब्रिथ’ या ज्यू संघटनेनं देशभरातून पैसा उभा केला आणि १० डिसेंबर १८९९ रोजी दार उघडलं. नाव ज्यू असलं तरी प्रवेशाला धर्माची अट नव्हती. अट होती ती भलतीच: ज्याला पैसे देणं परवडतं त्यानं आत येऊ नये, आणि आत आलेल्याकडून कुणी पैसे मागू नयेत. रुग्णालयाचं ब्रीदच होतं ते. इतकं सरळ ब्रीद मी दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाचं वाचलेलं नाही.

डोकं बाहेर, पाय आत. रुग्णांनी रात्री झोपायचं ते असं. खाटा ओळीनं लावलेल्या, डोकी उघड्या हवेत आणि पाय इमारतीच्या बाजूला. डेन्व्हरच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, हे लक्षात घ्या! खाण्यातही हात आखडता नव्हता. १९११ सालच्या हिशोबात माणशी आठवड्याला सुमारे तीन डझन अंडी बसतात. हवेनं जंतू मरत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण उपाशी, बेघर माणसाला गादी, पोटभर अन्न आणि विश्रांती मिळाली की तो काही काळ तरी तग धरायचा, यात नवल नाही.

आईबाप टीबीनं खाटेला खिळले की पोरांचं काय? त्यांच्यासाठी शहरात १९०७ मध्ये एक आश्रयगृह निघालं. टीबी ओसरत गेला तसं ते दमेकरी मुलांचं केंद्र बनलं. तिथले सल्लागार डॉ. मरे पेश्किन यांचं म्हणणं असं, की अवघड दम्याच्या मुलाला दीर्घकाळ आईवडिलांपासून दूर ठेवलं की ते सुधारतं. या उपायाला त्यांनी शस्त्रक्रियेला शोभेल असं नाव दिलं: ‘पॅरेंटेक्टमी’. मुलाचा दमा आपल्यामुळेच, असा ठपका किती आयांनी मनाला लावून घेतला असेल! मला हे वाचताना फार वाईट वाटतं.

आणि त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य ॲलर्जीच्या मुळाशी जाऊन भिडलं. ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव टोचायचा, मग त्याच जागी परागकणांचा अर्क टोचायचा आणि लाल चट्टा उठतो का ते बघायचं. टोचायला कातडी कुणाची? दोघांची स्वतःचीच, पाठीवर! रक्तात अत्यल्प असणारं ते प्रतिपिंड १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केलं: आयजी-ई. त्यातला ‘ई’ त्या लाल चट्ट्याच्या शास्त्रीय नावातून, इरिथिमातून, आला. शिंका आणि दम्यासाठी तपासणी केली की आपल्या लॅबच्या कागदावर ‘टोटल आयजी-ई’ची ओळ येते, ती हीच. १९७८ मध्ये ही संस्था नॅशनल ज्यूइशमध्ये विलीन झाली. पुढे तिथंच फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर या आणखी एका नवराबायकोनं टी-पेशी शत्रूला कशा ओळखतात यावर मूलभूत काम केलं. २०१५ च्या वुल्फ पुरस्काराचे मानकरी.

भारतापर्यंतचं नातं. टीबीच्या जंतूला वाढायला लागणारं खाद्य गार्डनर मिडलब्रूक यांच्या नावानं ओळखलं जातं. डेन्व्हरच्या याच रुग्णालयात त्यांनी १९५८ च्या सुमारास त्याचा ‘७एच१०’ हा प्रकार बसवला. त्याचा भाऊबंद ‘७एच९’ आज भारतातल्या टीबी प्रयोगशाळांत ‘एमजीआयटी’च्या नळीत असतो. रुग्णाचा बेडका स्वच्छ करून त्या नळीत घालतात आणि ३७ अंशांवर ठेवतात. नळीच्या तळाशी एक रसायन असतं. ऑक्सिजन आहे तोवर ते दबलेलं राहतं. जंतू वाढले, त्यांनी ऑक्सिजन संपवला, की अतिनील प्रकाशात तळ चमकू लागतो. नळी नाही चमकली तर ४२ दिवस थांबल्यावरच ‘जंतू नाहीत’ असं लिहून देतात. कल्चरच्या रिपोर्टसाठी पुन्हापुन्हा खेपा घालणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. आपल्या आतड्यातला ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो; टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो.