दुकानातला जुना संगणक घरी टीव्हीला जोडताना

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि अकोला-अमरावतीच्या बाजारातल्या बऱ्याच दुकानांत संगणक आला. आता ते बदलण्याची वेळ आली आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला. भंगारवाला फारसे देत नाही. मग मुले म्हणतात, अब्बा, हा घरी टीव्हीला जोडू.

जोडता येतो. पण व्यापारी बांधवांनी पहिला विचार टीव्हीचा नव्हे, आतल्या डिस्कचा करावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२३-२४ चा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवा. आमच्या घरी पुतण्याने हौसेने डिस्क साफ केली आणि एका वर्षाची उधारी मला बिलांच्या गठ्ठ्यांतून पुन्हा लिहावी लागली. म्हणून टॅलीचा डेटा दोन ठिकाणी उतरवा, नव्या संगणकावर उघडून पाहा आणि जुनी डिस्क काढून तिजोरीत ठेवा. नुसते 'डिलीट' केलेले परत काढता येते, तेव्हा डिस्कसकट संगणक कोणाला देऊ नका.

रिकाम्या जागी लहान एसएसडी बसवा व त्यावर लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे. त्यात इंटरनेटवरचे व्हिडिओ चालतात. लग्नाच्या सीडीज आणि पेन ड्राइव्हमधल्या फिल्मा नीट मांडून दाखवायला कोडी नावाचा प्रोग्राम आहे, तोही मोफत.

जोडणीत लोक आवाजापाशी अडतात. एचडीएमआय वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, फक्त संगणकाच्या सेटिंगमध्ये आवाज एचडीएमआयवर वळवावा लागतो. निळ्या तोंडाच्या व्हीजीए वायरीतून मात्र केवळ चित्र जाते. आवाजाला हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर घ्यावी.

चॅनेल दिसतील का, हा नेहमीचा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये मीडिया सेंटर काढले होते. ट्यूनर कार्डात केबल खोचली की चॅनेल दिसत, रेकॉर्डही होत. २०१५ च्या विंडोज १० मधून ते वगळले गेले. इकडे सरकारने केबल डिजिटल करण्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ठरवली. कोणी जुने अॅनालॉग कार्ड स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्या वायरीत आता त्याला पकडण्याजोगे काही नाही. चॅनेलसाठी डीडी फ्री डिशचा डबा टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला लावावा, त्याला मासिक भाडे नाही.

विजेचा हिशेबही करून ठेवा. ८० वॅट खाणारा संगणक रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात, टीव्हीचे वेगळे. ज्याला फक्त इंटरनेटवरचेच पाहायचे आहे, त्याला टीव्हीत खोचायची काडी परवडेल. ती फार थोडी वीज घेते.

आपल्या धंद्यातली आणखी एक गोष्ट. कापडाचे तंतू पंख्यात गच्च बसतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा असा संगणक तापून आपोआप बंद पडतो. घरी नेण्याआधी झाकण उघडून ब्लोअरने साफ करा, पंखा बोटाने धरूनच हवा मारा, आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात तो कोंबू नका.