तुम्ही बसा, मीही बसते

आपल्या मध्यमवर्गीय घरांत नवरा-बायको समोरासमोर बसून, एकाच वेळी, निवांत जेवले असे वर्षातून किती वेळा घडते? नाहूरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात डोकावून पाहा. लोकलच्या गर्दीतून दोघेही दमून आलेले असतात. तरी तो टेबलाशी बसतो आणि ती गॅसपाशी उभी राहते. फुलका तव्यावरून थेट ताटात पडला पाहिजे, हा आपला हट्ट! ‘तुम्ही बसा, मी मागून बसते,’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ती बसते तेव्हा त्याचा हात धुऊन झालेला असतो आणि बातम्या लागलेल्या असतात.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अशी काही जोडपी आता इस्तंबूलला जातात. तिथेही भरलेली बस, भारतीय हॉटेल आणि बुफेतले पनीर, जिरा राईस. ही सोय वाईट नाही. पण टूर मॅनेजरला सांगून एक संध्याकाळ तरी दोघांनी वेगळे जेवावे.

जागांना तोटा नाही. गलाता पुलाचेच उदाहरण घ्या. १९९४ साली खुला झालेला हा पूल दुमजली आहे. वर ट्राम, मोटारी आणि कठड्याला टेकून गळ टाकलेली माणसे. खाली पाण्यालगत ओळीने उपाहारगृहे. सूर्य मावळला की सुलेमानिये मशिदीचे मनोरे आभाळावर काळे उमटतात आणि बॉस्फरसपलीकडे आशिया खंडातले दिवे लागतात. हा देखावा फुकट. माशाचा भाव मात्र आधी विचारावा, कारण तो बहुधा वजनावर लावतात.

पण खरी गंमत दिव्यांत नाही, टेबलावर आहे. वेटर मोठे तबक घेऊन येतो. त्यात लहान लहान बशा असतात: दह्यातली काकडी, भाजलेल्या वांग्याचे भरीत, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. यांना म्हणतात ‘मेझे’. मूळ फारसी शब्दाचा अर्थ चव. त्याच शब्दाची आपल्याकडे ‘मजा’ झाली. निवडलेल्या बशा दोघांच्या मधोमध ठेवतात. बहुतेक पदार्थ गारच खायचे, पाव टोपलीत तयार. निवण्यासारखे काही नाही, म्हणून घाईही नाही. वाढायला कोणी उठत नाही. ज्या बाईने पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या ताटाकडे लक्ष ठेवले, तिला प्रथमच समोरच्या चेहऱ्याकडे पाहायला वेळ मिळतो.

शाकाहारी मंडळींनीही घाबरू नये. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढायच्या भाज्यांचा तिथे स्वतंत्र वर्गच आहे. त्यातल्या कांदा-टोमॅटो भरलेल्या वांग्याचे नाव आहे ‘इमाम बायल्दी’, म्हणजे इमामसाहेबांना मूर्च्छा आली! चवीने आली, असे काही सांगतात. बायकोने किती तेल ओतले हे ऐकून आली, असे इतर सांगतात. दुसरी कथा आपल्या घरांत अधिक पटेल. मसुरीचे सूपही मिळते. त्यात मांसाचा रस्सा नाही ना, एवढे विचारावे. बिल हवे असेल तर ‘हेसाप’ म्हणावे. आपला हिशेबच तो!

शेवटी कॉफी. तुर्की कॉफीची परंपरा २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. मुलगी पाहायला पाहुणे आले की तिथे कांदेपोह्यांऐवजी ही कॉफी येते. अनेक ठिकाणी मुलाच्या कपात मुलगी साखरेऐवजी मीठ घालते. तोंड वाकडे न करता त्याने ती प्यायली, तर तो संसाराला योग्य! आपल्याकडे परीक्षा पोहे करणारीची होते, तिथे पिणाऱ्याची. पंचवीस वर्षांत कोणी किती खारट कप मुकाट्याने प्यायले, याचा हिशेब त्या टेबलावर हसत-हसत होऊ शकतो.

यासाठी इस्तंबूललाच जायला हवे असे नाही. तुर्की भाषेत रविवारला आणि बाजारालाही ‘पझार’च म्हणतात. आज बाजारातून येताना त्याने काकडी, वांगी आणि पावाची लादी आणावी. भरीत आणि कोशिंबीर आधी करून, भांडी मधोमध ठेवून, गॅस बंद करावा. फुलक्यांना एक दिवस सुट्टी. मग ‘तुम्ही बसा’ म्हणताना तिनेही खुर्ची ओढून घ्यावी.