बाभूळ, हिरडा आणि पट्टा

२०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईंपुरता कायदा १९७६ पासून होताच. त्याच सुमारास मी हौसेखातर चामड्याचे पट्टे करायला लागलो होतो. वर्तमानपत्रांतली सगळी भांडणं ताटात काय वाढायचं यावर चालली होती, कातड्याबद्दल चकार शब्द नव्हता. धारावीत काळा किल्ल्याच्या आसपासच्या दुकानांत मात्र दुसरा विषय नसे. ‘बैलाचं विसरा, म्हशीचं घ्या,’ एवढं सांगून दुकानदार गठ्ठा पुढे सरकवायचा. मागची दहा वर्षं मी बहुतेक म्हशीच्याच कातड्याशी झटापट करत आलो आहे.

म्हशीच्या कातड्याचा दाणा जाड असतो आणि अंगही दणकट. चपलेला ते चालतं, पट्ट्यालाही चालतं, पण ते निवडून घ्यावं लागतं. पट्टा निघतो पाठीतून, कण्यालगतच्या भागातून, कारण तिथले तंतू घट्ट विणलेले असतात. पोटाचा भाग स्वस्त मिळतो, दिसतोही मऊशार. पण वर्षभरात ताणून लांब होतो. जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर, रुंदी जीनसाठी चाळीसच्या आत, पँटसाठी तीसच्या आसपास. एवढं कळलं की निम्मा पट्टा झाला.

उरलेला निम्मा कमावण्यावर ठरतो. बाजारातला बहुतेक माल क्रोमचा. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं दिवसभरात कमावून होतं, तर झाडाच्या सालीला आठवडे लागतात. त्यामुळे कारखान्यांनी कोणती वाट धरली हे सांगायला नको. क्रोमचं चामडं जॅकेटला, पर्सला उत्तम. पट्ट्याची कड मात्र त्यावर बसत नाही. कितीही घासा, तंतू पिंजारलेलेच राहतात. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची कड आधी रंध्याने गोल करायची, बोटाने पाणी लावायचं आणि लाकडी दांडीने किंवा जाड कापडाने घासत राहायचं. आधी काही होत नाही. मग उष्णतेने तंतू एकमेकांत मिटत जातात, कड गडद होते, आणि मेणाचा हात फिरवला की काचेसारखी गुळगुळीत लागते. दुकानातल्या पट्ट्याला कडेवर रंगाचा थर देतात. दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात आणि आत दडलेला पुठ्ठा दिसतो.

या सालीच्या चामड्याचा एक गुण मला अजून जादूसारखा वाटतो. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस काही दिवस भिजत ठेवायचा, ते पाणी गाळून चामड्यावर फडक्याने लावायचं. सुरुवातीला फक्त ओल दिसते. मग राखाडी छटा उमटते, ती निळसर होते आणि बघता बघता सगळा पट्टा काळा पडतो. रंग म्हणून काही लावलेलंच नसतं. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं होतं, इतकंच. कलमकारीतला काळाही असाच निघतो: हिरड्यात बुडवलेलं कापड आणि गुळाच्या पाण्यात आंबवलेलं लोखंड. क्रोमच्या चामड्यावर तेच पाणी ओता, काळा पडत नाही. माल घेताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा मी या बाटलीवर जास्त विश्वास ठेवतो.

हत्यारांचं म्हणाल तर सुरुवातीला रापी, आरी आणि हातोडी एवढंच होतं. ठोकायला खाली स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्पा. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या बऱ्याच लोकांनी हा छंद धरला. त्यानंतर जपानी आणि चिनी हत्यारं घरपोच येऊ लागली: दातेरी पंच, कड तासायचे रंधे, सरळ पट्टी कापायची गेज. गेज खरंच कामाची. बाकीच्या पेटाऱ्याचं काम आपल्याकडचा कारागीर एका रापीत उरकतो. दोन सुया आणि एक दोरा हा खोगिराचा टाका मात्र शिकून घ्यावाच. यंत्राची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते. या टाक्यात दोऱ्याचं एक टोक झिजलं तरी दुसरं धरून ठेवतं.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. मानांकन चपलेचं, पण फायदा माझ्यासारख्यांच्या पट्ट्यालाही झाला, कारण शहरातली गिऱ्हाइकं ‘हे बाभळीचं का?’ असं विचारायला लागली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा तर सगळ्यांचाच अभिमान उसळून आला. त्या गदारोळात मी कोल्हापुरात एका कारागिराकडे बसलो होतो. त्यांनी माझा पट्टा हातात घेतला, वाकवून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला.

‘केवढ्याला देता, साहेब?’

‘अडीच हजार.’

‘घासाघीस?’

‘शक्यतो नाही.’

‘आमच्याकडं सातशेच्या चपलेला पाचशे म्हणत्यात, काका.’ हे शेजारी वादी कापत बसलेल्या त्यांच्या मुलाने मान वर न करता सांगितलं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. कातडं कमावण्याचं आणि शिवण्याचं काम ज्यांच्यावर जातीने लादलं, त्यांच्या हातातलं तेच कसब माझ्या हातात आलं की ‘हँडक्राफ्टेड’ होतं. ढोर आणि चांभार ही नावं शिवी म्हणून वापरणारं गाव मी लहानपणी पाहिलं आहे. त्याच गावातले लोक आता मला वर्कशॉप घेता का म्हणून विचारतात. मी त्यांना कोल्हापूरचा पत्ता देतो. तिकडे फारसं कोणी जात नाही.

पावसाळा हा या छंदाचा कायमचा शत्रू. जुलैत सालीच्या चामड्यावर पांढरी बुरशी चढते, त्यामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही ठेवायचं नाही, मलमलमध्ये गुंडाळून हवेशीर जागी टांगायचं. नवा पट्टा देताना ही सूचना मी चिठ्ठीवर लिहून देतो आणि ती कोणी वाचत नाही.

हल्ली नवे पट्टे कमी करतो. जुनेच दुरुस्तीला येतात. शिवण सहसा शाबूत असते, बक्कलेपाशी दुमडलेला भागही. लोकांना हवं असतं टोकाच्या बाजूला आणखी एक भोक. टाळेबंदीनंतर ही मागणी बरीच वाढली. ते मी फुकट पाडून देतो.