धुऱ्याच्या आत – लेखांक ६ : खर्च क्विंटलमध्ये मोजा

सोयाबीनची सोंगणी उरकून मळणीचा हडंबा लागला की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मेडशीपासून शिरपूरपर्यंत, एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा एकरी झडती किती? कोणी पाच सांगतो, कोणी सहा, एखादा आठ क्विंटल. आणि त्यावरूनच कोणाची शेती साधली, कोणाची बसली, हे ठरतं. मागच्या लेखांकांत आपण जमीन, पाऊस आणि बिवड यांचा विचार केला. आज पैशाकडे वळू. माझं म्हणणं असं, की दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतीत नुसत्या झडतीवरून नफा कळत नाही. त्या झडतीतले पहिले किती क्विंटल बियाणं, खत, ट्रॅक्टर, फवारणी आणि मजुरी यांच्या नावाचे होते, ते आधी कळायला हवं. म्हणून खर्च रुपयांत लिहून थांबू नये, तो क्विंटलमध्ये मोजावा.

असं का, ते भावाच्या चढउतारावरून दिसतं. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि हंगामाच्या तोंडावर बाजार खाली आला. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव ४,८९२ रुपये होता, तरी बाजारातला भाव चार हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. आता एका एकराचा रोख खर्च समजा २०,००० रुपये धरला. दहा हजारांच्या भावात तो दोन क्विंटलमध्ये फिटतो, चार हजारांच्या भावात त्याला पाच क्विंटल लागतात. शेत तेच, मेहनत तीच, झडतीही तीच, सहा क्विंटल. पण पहिल्या वर्षी घरात चार क्विंटल उरले आणि दुसऱ्या वर्षी एकच. भाव शेतकऱ्याच्या हातात नाही, पाऊस तर नाहीच. मृगात पैसे मोजताना किती मोजायचे, एवढीच एक गोष्ट त्याच्या हातात असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : खर्चाला हात आखडला की पीक हात आखडतं. आक्षेप खोटा नाही, म्हणून तो मान्य करूनच आकडे मांडू. खर्च वीसवरून पंधरा हजारांवर आणला आणि त्यापायी झडती सहावरून साडेपाचवर आली, असं धरा. भाव चार हजार असेल तर जास्त खर्चाच्या एकरात २४,००० मधून २०,००० जाऊन ४,००० उरतात. कमी खर्चाच्या एकरात २२,००० मधून १५,००० जाऊन ७,००० उरतात. भाव दहा हजार असेल तर दोन्हीकडे ४०,००० उरतात. म्हणजे तेजीच्या वर्षी काहीच गमावलं नाही आणि मंदीच्या वर्षी शिल्लक पावणेदोन पट झाली. पावसाने दगा दिला, समजा चार हजारांच्याच भावात झडती तीन क्विंटलवर आली, तर जास्त खर्चाचा एकर आठ हजारांनी तोट्यात जातो. कमी खर्चाचा एकर पावणेतीन क्विंटल देऊन चार हजारांनी जातो. मोठ्या शेतकऱ्याला असा तोटा पुढच्या दोन हंगामांत भरून काढता येतो. लहान शेतकऱ्याकडे तेवढी उसंत नसते. त्याला पुढच्या पेरणीआधीच कर्ज काढावं लागतं. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर म्हणजे सव्वातीन एकरांवर आलं. शिफारशी मात्र आजही बहुतेक झडती वाढवण्याच्याच होतात.

मग पाच हजार कुठे वाचवायचे? सोंगणीच्या मजुरीत फार वाव नाही आणि मजुराच्या पोटावर पाय देऊन कोणाची शेती टिकूही नये. हडंब्याचा दरही गावात ठरलेलाच असतो. खरा वाव बियाण्यात आहे. सोयाबीन स्वपरागित पीक आहे. बीटी कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं ते दर वर्षी विकत घ्यावं लागत नाही. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की त्याच्या उत्पादनातून पुढची दोन-तीन वर्षं पेरता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा हक्क मान्य केलेला आहे. तरी दर जूनला बॅगेसाठी रांग लागते, कारण घरचं बियाणं उगवेल याची खात्री नसते. ही भीती निराधार नाही. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर अगदी त्याच्याखाली असतो. हडंबा जोरात फिरला, की डोळ्याला न दिसणारी चीर पडते आणि दाणा वरून टपोरा दिसला तरी आतून मेलेला असतो. म्हणून बियाण्याचा माल मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवरच काढावा, पोती उंचावरून आदळू नयेत, थप्पी पाच-सात पोत्यांपेक्षा उंच रचू नये आणि पोती जमिनीला टेकू न देता लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

आणि मे महिन्यात उगवण तपासावी. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्यायचा, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत, एकमेकांना चिकटू न देता मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा ठेवून सैल गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडली की कोंब सरळ आलेले दाणे मोजायचे. वाकडे, कुजके, नुसते फुगलेले दाणे सोडून द्यायचे. अशा तीन गुंडाळ्यांची सरासरी ७० आली तर एकरी ३० किलो पेरावं. थोडी कमी आली तर बियाणं त्या प्रमाणात वाढवावं, साठच्याही खाली गेली तर ते बियाणं तेलाला विकून दुसरं आणावं. एका गोणपाटाची आणि आठवड्याची ही परीक्षा एकरी हजार-दीड हजार रुपये वाचवू शकते. शिवाय दुबार पेरणीची एक वाटही बंद करते. रुंद वरंब्यावर टोकण केली तर बियाणं आणखी कमी लागतं. हाताने ढकलायचं टोकण यंत्र दोन एकरांच्या शेतकऱ्याला झेपतं, वीस एकरांच्या शेतकऱ्याला नाही. लहान असण्याचा फायदा शेतीत क्वचितच होतो, इथे मात्र तो खरा आहे.

खताबाबत थोडक्यात. सोयाबीनला एकरी साधारण १२ किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद पुरतं. बियाण्याला रायझोबियम लावलं तर पुढचा बराचसा नत्र मुळांवरच्या गाठी देतात. म्हणून फुलोऱ्याआधी युरिया फेकण्याची सवय खर्च वाढवते आणि झाडाची नुसती उंची वाढवते. डीएपी मिळत नाही म्हणून पेरणी अडवून धरण्याचंही कारण नाही. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात आठ किलो स्फुरद असतं आणि गंधकही असतो. तेलबियांना गंधक लागतो आणि तो डीएपीत नसतो. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही लांब नाही; माती तपासून घ्यायला हे अंतर फार नाही.

फवारणीत मात्र आक्षेप घेणाऱ्याचं ऐकायला हवं. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकने शेतंच्या शेतं पिवळी केली. तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीकडे वेळेत लक्ष न देणाऱ्यांना त्यानंतरच्या कोणत्याच औषधाने वाचवलं नाही. खोडमाशी, चक्रीभुंगा यांचंही तसंच. म्हणून फवारणी टाळा असं मी म्हणत नाही, मोजून करा असं म्हणतो. फुलोऱ्याआधी मीटरभर ओळीत तीन-चार उंटअळ्या दिसेपर्यंत त्यांच्यासाठी पंप उचलायची गरज नसते. खर्च फुगतो तो कीटकनाशकाबरोबर त्याच पंपात मिसळल्या जाणाऱ्या टॉनिकांनी. एकरी दोन-दोन बाटल्या, आणि बाजूला न फवारलेली एकही ओळ नाही, मग फरक पडला की नाही ते कळणार कसं? ज्याला टॉनिकवर विश्वास आहे त्याने निदान चार ओळी सोडाव्यात आणि त्या वेगळ्या झोडून पाहाव्यात.

दुसरा आक्षेप तरुण शेतकऱ्यांचा असतो : खर्च वाचवत बसण्यापेक्षा पीकच बदला. वाशीम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत चियाचं क्षेत्र वाढलं ते या विचाराने, आणि त्यात तथ्य आहे. चियाला पाणी कमी लागतं. रोही आणि रानडुक्कर त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून जागल वाचते. जिथे हरभऱ्याच्या शेतावर थंडीत रात्र काढावी लागते, तिथे या गुणाची किंमत मोठी आहे. पण चियाला हमीभाव नाही आणि खरेदीदार मोजके आहेत. असं पीक सगळ्या तीन एकरांत घेणं म्हणजे खर्चाचा धोका कमी करून भावाचा धोका अंगावर घेणं. एखादा एकर द्यावा, अख्खं रान देऊ नये. त्यापेक्षा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेण्याची जुनी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. २०२४ मध्ये सोयाबीन हमीभावाखाली असताना तूर दहा हजारांवर होती. पुढच्याच वर्षी तूरही घसरली, हे खरं. पण दोन्ही एकाच वेळी कोसळतील असं सहसा होत नाही. शिवाय तुरीचा पालापाचोळा रानातच गळतो, तुराट्या घराला होतात आणि कुटार जनावरांना.

सर्वांत अवघड आक्षेप घरातल्या बाईचा असावा. टोकण, निवड, निंदण यांतून तुम्ही वाचवलेली रक्कम शेवटी कोणाच्या अंगावर पडते? हमीभाव ज्या खर्चावर काढतात त्यात घरच्या मजुरीची किंमत धरलेली असते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा तो देशभराचा खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरून दीडपटीने ५,३२८ चा हमीभाव निघाला. मग शेतकऱ्याच्या वहीत ती मजुरी का नसावी? ती लिहावी, गावातल्या दराने लिहावी, आणि ज्या कामात घरचा दिवस त्या दराइतकंही वाचवत नाही ते काम यंत्राला द्यावं. टोकण या कसोटीला उतरते, असा माझा अंदाज आहे. तणनाशक पूर्ण सोडून सगळं निंदण घरच्यांवर टाकणं उतरत नाही.

आणि एवढं सगळं करून तीन एकरांत एकरी पाच हजार वाचले तर वर्षाला पंधरा हजार होतात. त्यावर घर चालत नाही, हे मान्यच. पण ते पंधरा हजार जूनमध्ये हातात राहतात, तेव्हा उधारीचं व्याज बसत नाही आणि ऑक्टोबरात, आवक जास्त नि भाव कमी असताना, उधारी फेडायला माल काढावा लागत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळतं. ज्याच्या मालावर आधीच दुकानदाराचं नाव आहे, त्याला या योजनेचा उपयोग नाही. ज्याची उधारी नाही, त्याला तारणाच्या पैशात हरभऱ्याचं बियाणं आणि दोन शेळ्या घेता येतात. हरभऱ्याला द्यायच्या एका पाण्याचं गणित पुढच्या आठवड्यात मांडू.